नववा बार

आमच्या खोलीत कपबशी कधी फळीच्या कडेला ठेवलेली नसायची. कुणी विसरून ठेवली तर आईचा हात आधी तिकडे जायचा आणि मग तोंड. दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी पाचला डोंगर हादरायचा, त्याबरोबर पत्र्याची खोली हादरायची, भिंतीवरची भांडी किणकिणायची आणि छपरातून बारीक पांढरी धूळ खाली यायची. त्या दोन वेळांना आई भाताच्या टोपावर झाकण आणि झाकणावर पाट्याचा वरवंटा ठेवायची. तरीही आमच्या जेवणात कचकच असायचीच. कुळथाची पिठी असो की सुकटाची चटणी, दाताखाली खदान यायची. गावाहून पाहुणे आले की घास तोंडात तसाच धरून एकमेकांकडे बघायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पुढे कॉलेजात एका मैत्रिणीच्या घरी जेवले तेव्हा भात इतका मऊ लागला की काहीतरी चुकलंय असंच वाटलं.

अंधेरीच्या पूर्वेला साकीनाका सोडून डोंगराकडे वळलं की त्या काळी ओळीनं दगडखाणी होत्या. सगळे त्यांना खदान म्हणत. उपनगरात इमारती वर चढत होत्या, रस्ते रुंद होत होते, आणि त्या सगळ्याची खडी आमच्या दारावरून ट्रकमधून जायची. आता तिथे काचेच्या खिडक्यांचे उंच टॉवर आहेत. मागच्या वर्षी एका बैठकीसाठी त्यातल्या एकात गेले होते. बाराव्या मजल्यावरून खाली बघताना आमची खोली कुठे असेल याचा अंदाज घेत राहिले. लागला नाही. जमीनच खाली-वर झालेली आहे.

बाबा त्या खदानीत बार लावायचे. दगडात जॅकहॅमरनं खोल भोकं पाडलेली असत. त्यात जिलेटिनच्या कांड्या भरायच्या, वाती जोडायच्या, माणसं लांब पाठवायची, वाती पेटवायच्या आणि आपण पळायचं. या कामाला सरकारी परवाना लागतो. बाबांचा परवाना पत्र्याच्या पेटीत आईच्या लग्नाच्या साडीच्या घडीत ठेवलेला असायचा. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण त्या परवान्यामुळे खदानीत त्यांना सगळे 'सावंत मास्तर' म्हणायचे. गळ्यात काळ्या दोरीला पितळेची शिटी. बार पेटवण्याआधी तीन आखूड शिट्या म्हणजे लांब जा. बार उडाल्यावर एक लांब शिटी म्हणजे आता या, काही भीती नाही. शिटी फक्त बाबांनी वाजवायची. मॅनेजरनंसुद्धा नाही.

जिलेटिनचा वास गोडसर असतो आणि तो डोक्यात चढतो. कांड्या हाताळल्या की बाबांचं डोकं ठणकायचं. रोजच्या कामात शरीराला सवय व्हायची, पण रविवारची सुट्टी गेली की सोमवारी दुखणं दुप्पट होऊन परत यायचं. सोमवारी संध्याकाळी ते कपाळाला आईचा जुना पदर करकचून बांधून भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई बिनदुधाची, आलं ठेचून घातलेली कॉफी करून द्यायची. आम्ही बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. कामावरून आल्यावर आंघोळ होईपर्यंत बाबा मला हात लावत नसत. लहानपणी मला वाटायचं की त्यांना मी आवडत नाही. कारण कळलं ते फार उशिरा, एका प्रशिक्षणाच्या पुस्तकात वाचून: कांड्यांचं रसायन हाताला चिकटून राहतं आणि नुसत्या स्पर्शानंही दुसऱ्याच्या डोक्यात चढतं.

खदानीच्या पलीकडच्या अंगाला वडारांच्या झोपड्या होत्या. सोलापूरकडून आलेली माणसं. पुरुष घणानं मोठे दगड फोडायचे, बायका हातोडीनं त्यांची खडी करायच्या आणि पाट्या भरून ट्रककडे न्यायच्या. तिथली शेवंता माझ्याच वयाची. ती शाळेत जात नव्हती, आणि मला शाळेतून आल्यावर करायला काही नसायचं, म्हणून आम्ही एकत्र आलो, इतकंच. खदानीच्या कडेला सपाट काळे दगड होते. त्यावर विटेच्या तुकड्यानं मी तिला अक्षरं शिकवली. पहिलं अर्थातच 'शे'. माझा 'श' जरा निराळा होता. आमच्या बाई त्याला गाठ मारलेला श म्हणायच्या आणि दर वर्षी तो सुधारायला सांगायच्या. शेवंतानं तो गाठीसकट उचलला. दुसरं कुणाचं अक्षर तिनं पाहिलंच नव्हतं.

तिची आई दुर्गव्वा. उंच, रुंद हाडाची, दंडावर हिरवं गोंदण, गालात तंबाखू. मला ती नावानं कधी हाक मारायची नाही. "ए शाळा, हिकडं ये," म्हणायची. मी गेले की ज्वारीची भाकरी मोडून, त्यावर लाल चटणी आणि तेलाचा थेंब टाकून हातावर ठेवायची. तिच्या तळहाताची कातडी इतकी जाड होती की गरम तव्यावरची भाकरी ती नुसत्या हातानं उलटायची. एकदा तिनं माझा हात आपल्या हातावर ठेवून बघितला आणि मोठ्यानं हसली. "ह्याला काय हात म्हणायचं व्हय? पाव हाय पाव." मग शेवंताकडे बघून, हसणं थांबवून म्हणाली, "हिचाबी पाव झाला असता, तर बरं झालं असतं."

दहावीची परीक्षा संपली होती. उन्हाचे दिवस. आईनं बाबांचा डबा माझ्याकडे दिला. मी गेले तेव्हा ते करंजाच्या सावलीत बसले होते. सोमवार होता, कपाळाला रुमाल बांधलेला.

"आज नव आसत," ते म्हणाले. "मोजशीत मा?"

हा आमचा जुना खेळ. मी लहान असताना बारांना घाबरून आईच्या पोटात तोंड खुपसायचे, तेव्हा बाबांनी मला मोजायला शिकवलं होतं. मोजायला लागलं की भीती कमी होते. मी मान हलवली. त्यांनी मला ऑफिसच्या भिंतीआड उभं केलं आणि ते गेले. तीन आखूड शिट्या झाल्या. बायका पाट्या घेऊन वर आल्या. थोड्या वेळानं बाबा पळत आले आणि भिंतीला टेकले. मग डोंगर बोलू लागला. एक, दोन, तीन. मध्ये जरा थांबून चार आणि पाच. सहा. सात. आठ.

मी वाट बघत राहिले. बाबांनी बोटं मुडपून धरली होती, त्यांचीही आठच होती.

मॅनेजर शिर्के ऑफिसातून बाहेर आले. स्वच्छ माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. खाली रस्त्यावर रस्त्याच्या कामाचे ट्रक सकाळपासून उभे होते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते.

"काय झालं, सावंत? वाजवा की."

"साहेब, एक राहिला. आठच झाले."

"दोन एकदम उडाले असतील."

"असतीलही. पण अर्धा तास थांबायला लागेल. नियम आहे."

"मला नियम सांगू नका हो. गेल्या आठवड्यात पण तुम्ही असंच थांबवलंत. निघालं काय? काही नाही. हे ट्रक आज भरले नाहीत, तर उद्या ते दुसऱ्या खदानीवर जाणार. शेठचा सकाळपासून तीनदा फोन आलाय. मी त्यांना काय सांगू, सावंतांचं डोकं दुखतंय म्हणून?"

बाबांनी कपाळावरचा रुमाल खाली ओढला, मनगटावरचं घड्याळ बघितलं. सात-आठ मिनिटं झाली असतील. त्यांनी खदानीकडे बघितलं. धूर विरत आला होता आणि सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शिटी तोंडाला लावली आणि एक लांब शिटी वाजवली.

दुर्गव्वा नेहमी सगळ्यात पुढे असायची. कड्याच्या पायथ्याशी पडलेला दगड फोडायला सोपा, म्हणून ती जागा धरायला बायका धावायच्या आणि दुर्गव्वाच्या टांगा लांब होत्या. पाटी डोक्यावर पालथी घालून ती उतरणीवरून गेली. तिच्या मागे पाच-सहा बायका होत्या, पण बऱ्याच मागे. मी डबा उचलायला वाकले होते.

आवाज झाला आणि माझ्या तोंडून 'नऊ' असा शब्द बाहेर पडला. सवयीनं. आज इतक्या वर्षांनी त्या दुपारची कुठली गोष्ट मला सहन होत नसेल, तर ती ही. माणूस मरत होतं आणि मी मोजत होते.

पुढचं मी थोडक्यात सांगते. शेवंता झोपडीत पाणी भरत होती. ती हंड्यासकट धावत आली आणि हंडा कुठे टाकायचा हे न कळून तो कमरेवर धरूनच उभी राहिली. तिचा बाप हणमंता घोंगडी घेऊन खाली उतरला. ज्या ट्रकांची घाई होती, त्यातल्याच एकात दुर्गव्वाला घातलं. ट्रक हॉस्पिटलपर्यंत गेला, पण ती खदानीतच गेली होती, हे तिला उचलणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. बाबा करंजाखाली जाऊन बसले आणि ओकले. त्यांच्याजवळ कुणी गेलं नाही. मीही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिर्के आमच्या खोलीवर आले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. आमच्याकडे एकच खुर्ची होती, तिच्यावर ते बसले. बरोबर कोरे कागद आणि कार्बन होता. सरकारी इन्स्पेक्टर येणार, त्याआधी सावंतांचा जबाब तयार हवा, असं ते म्हणाले. बाबांना लिहिणं जमत नव्हतं. शिर्क्यांना स्वतःच्या हातानं लिहायचं नव्हतं. ते आज मला समजतं; तेव्हा ते फक्त म्हणाले, "मुलीचं अक्षर चांगलं आहे ना? तिलाच लिहू दे."

मी पाट मांडीवर घेऊन बसले. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. खाणीचं नाव, वेळ, बारांची संख्या. मग ते म्हणाले, "लिही. सर्व कामगारांना सुरक्षित ठिकाणी थांबण्याची सूचना दिलेली असताना, व धोका टळल्याची शिटी वाजलेली नसताना."

माझं पेन थांबलं. मी म्हणाले, "शिटी तर वाजली होती."

आई आमच्याकडे पाठ करून चहा गाळत होती. तिची गाळणी थांबली, पण ती वळली नाही.

"सावंत," शिर्के हळू आवाजात म्हणाले, "ही खोली कंपनीची आहे, हे मी सांगायला नको. आणि परवाना गेला तर या वयात दुसरं काम कोण देणार? मी तुमच्या भल्याचं बोलतोय. बाई तर आता परत येत नाही."

बाबा जमिनीकडे बघत होते. "लिव," ते म्हणाले.

मी लिहिलं. शिटी वाजलेली नसताना मयत बाई दुर्गव्वा हिने स्वतःच्या निष्काळजीपणाने खाणीत प्रवेश केला. 'निष्काळजीपणाने' हा शब्द मी शुद्ध लिहिला. ओळ सरळ आली, कुठे खाडाखोड नव्हती, आणि कागद हातात घेऊन शिर्के "सुंदर" म्हणाले, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. सोळा वर्षांची होते वगैरे सबबी मला ठाऊक आहेत. त्या मी इतरांना देते, स्वतःला देता येत नाहीत.

शिर्के राक्षस नव्हते. चहाचा कप उचलताना बशीत चहा सांडला, तो त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसला. त्यांनाही एक मुलगी होती. माझ्या पुढच्या आयुष्यात, लहान-लहान खाणींतून सुरक्षिततेची आणि कामगारवस्त्यांची कामं करताना, मला असे शिर्के खूप भेटले. त्यांना कुणाला मारायचं नसतं. त्यांना ट्रक भरायचे असतात. म्हणून नव्या खाणीवर गेले की माझा पहिला प्रश्न असायचा, तुमच्याकडे शिटी कोण वाजवतं, आणि त्याला 'नाही' म्हणायची मुभा आहे का. हेल्मेटं, पाण्याची टाकी, बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर, धूळ बसवायला पाण्याचा फवारा, हे सगळं त्यानंतर.

चार दिवसांनी, सकाळी, हणमंता आणि शेवंता आमच्या दारात आले. बाबा कामावर नव्हते. चौकशी होईपर्यंत खदान बंद होती, आणि ते रोज सकाळी उठून कुठेतरी निघून जायचे. आई नळावर गेली होती. हणमंताच्या हातात घडी केलेला कागद होता. मॅनेजरनं त्याला सांगितलं होतं की यावर अंगठा दिलास तर मर्तिकाला मदत मिळेल आणि दोघांना काम चालू राहील. हणमंता म्हणाला होता, आधी वाचून घेतो.

"शेवंती म्हनली, सुली वाचून दावंल," तो म्हणाला. शेवंता मला याच नावानं हाक मारायची. तो उंबऱ्याबाहेरच बसला. मी आत बोलावलं, तरी आला नाही.

कार्बनची निळी प्रत होती. मी ती हातात घेतली आणि माझे कान गरम झाले. अक्षर लागत नाही म्हणावं, असं मनात आलं. मधलं वाक्य गाळावं, असंही आलं. हणमंता माझ्या तोंडाकडे बघत होता, जसं डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात. मी वाचायला सुरुवात केली. शिटीच्या वाक्यापाशी आले आणि तेही वाचलं. पुढचंही वाचलं.

"निष्काळजी म्हंजी?" त्यानं विचारलं.

"लक्ष न देता. म्हणजे... तिची चूक."

"ते शिटीचं पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "शिटी वाजली. म्या वर हुतो, म्या ऐकली. तू बी हुतीस तितं."

"हो."

"वाजली का न्हाई?"

"वाजली."

"मग ह्ये कुनी लिव्हलं?"

मी उत्तर द्यायच्या आत शेवंता पुढे वाकली. तिला वाचता येत नव्हतं, आठ-दहा अक्षरं तेवढी येत होती. तिनं कागदावर बोट ठेवलं. शिटीतल्या 'शि'वर. गाठ मारलेला श. मग ते बोट खाली सरकवत तिनं कागदावरचे सगळे श शोधले. ते खूप होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तुझं अक्षर हाय."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. बाबांनी सांगितलं, मॅनेजरनं सांगितलं, असं काहीतरी मी बोलायला लागले, पण ती उठली होती. हणमंतानं माझ्या हातातून कागद हळूच काढून घेतला, पहिल्यासारखी घडी केली आणि टोपीत ठेवला. तो मला काही वाईट बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "त्वा वाचलंस, ते बरं केलंस." त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती, तर रात्री मला झोप तरी लागली असती.

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मी धैर्यानं वगैरे गेले नाही. ते येऊ नयेत, असंच मला वाटत होतं. ऑफिसबाहेर टेबल मांडलं होतं, वर ताडपत्री. बाबा एका बाजूला उभे, शिर्के खुर्चीवर. वडार मंडळी लांब दगडांवर बसलेली, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. इन्स्पेक्टरांनी जबाब वाचून बाजूला ठेवला. ते आता उठणार, असं वाटलं आणि माझे पाय चालायला लागले. बाबांनी मला येताना बघितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं असतं, तर मी थांबले असते का, कुणास ठाऊक. त्यांनी हलवली नाही.

"कोण गं तू?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"सावंतांची मुलगी. तो कागद मी लिहिलाय."

"बरं. मग?"

"त्यात शिटी वाजली नाही असं आहे. पण वाजली होती. मी इथेच उभी होते. आठ बार झाले होते, एक राहिला होता. बाबांनी थांबू या म्हटलं, आणि मग शिटी वाजवली."

शिर्के म्हणाले, "साहेब, लहान मुलगी आहे. घाबरलेली आहे."

इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पेनचं टोपण पुन्हा काढलं आणि बाबांकडे वळले. "सावंत, शिटी कोणी वाजवली?"

बाबांनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. ती कानात अडकली, सोडवायला वेळ लागला. शिटी त्यांनी टेबलावर ठेवली. "मी," ते म्हणाले. "नववा उडाला नव्हता, मला माहीत होतं. मी वाजवली."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

बाबा शिर्क्यांकडे बघत राहिले. शिर्के टेबलाकडे बघत होते. शेवटी बाबा म्हणाले, "वाजवली मी. शिटी माझ्याकडे होती."

परत येताना आम्ही दोघं एकामागून एक चालत होतो. खोलीच्या जरा अलीकडे ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "तुजा अक्षर चांगला म्हणान तुका लिवक बसयलंय. ती माजी चूक." मला याचा अर्थ तेव्हा लागला नाही. अजूनही दोन अर्थ लागतात, खोटं मला लिहायला लावलं ही चूक, की मला लिहायला बसवलं म्हणून खरं बाहेर आलं ही चूक, आणि कुठला खरा ते ठरवता येत नाही.

परवाना रद्द झाला. शिर्क्यांना शेठनं आपल्या दुसऱ्या खदानीवर पाठवलं, त्याच हुद्द्यावर. आम्हाला खोली सोडावी लागली. आईनं सामान बांधलं, कपबशा गोधडीत गुंडाळल्या आणि एकदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "तू खरा बोललंस. आता तेचीच पेज कर आणि घाल सगळ्यांका." तिनं हे रागानं नाही म्हटलं. आता घरात शिजवायचं काय, हे ती खरोखर विचारत होती. आम्ही गोवंडीला आईच्या चुलतभावाच्या शेजारी एक खोली घेतली. तिथे धूळ नव्हती, पण कचऱ्याच्या डोंगराचा जळका वास दिवसभर घरात असायचा, आणि भांडी हादरत नसत म्हणून घर मुकं वाटायचं. बाबांना एका गोदामावर वॉचमनचं काम मिळालं. "डोक्या आता दुखणा नाय," असं ते आईला सांगायचे, तक्रार केल्यासारखं. माझ्याशी ते पावसाळाभर बोलले नाहीत. एकदा जेवताना मीठ मागितलं, तिथून हळूहळू सुरू झालं. मी पुढे खाणींचंच काम निवडलं, तेव्हा त्यांनी का म्हणून विचारलं नाही. लोक मला विचारतात, इतकं बघितल्यावर तुम्ही खाणी बंद करा असं का म्हणत नाही. मी त्यांना ते ज्या इमारतीत बसलेले असतात, तिच्या भिंतीला हात लावून बघायला सांगते. दगड निघणारच. तो काढणाऱ्या बाईनं घरी परत जावं, एवढंच माझ्या कामाचं सार होतं, आणि तेवढं करायलासुद्धा आयुष्य पुरलं नाही.

निकाल लागल्यावर शाळेचा दाखला आणायला मी गोवंडीहून परत तिकडे गेले. पाऊस अजून नीट लागला नव्हता. दाखला घेतला आणि पाय आपोआप खदानीकडे वळले. खदान पुन्हा चालू झाली होती. क्रशर फिरत होता, ट्रक उभे होते, गळ्यात शिटी घातलेला कुणी नवा माणूस करंजाखाली बसला होता. बायकांच्या ओळीत शेवंता होती. आईच्या जागेवर, आईचीच हातोडी घेऊन, डोक्याला फडकं गुंडाळून. तिची बोटं चिंध्यांनी बांधलेली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं आणि काम चालू ठेवलं.

"बापू कसे आहेत?" मी तिच्या बापाबद्दल विचारलं.

"हायत."

"त्या कागदाचं काय झालं?"

"अंगठा न्हाई दिला. वकील म्हनतो, कोर्टात लई वर्सं लागत्यात." तिनं एक दगड फोडला. "बापू म्हनतो, सुलीनं सांगितलं म्हून आईच्या माथी ते लागलं न्हाई. त्येवढं झालं."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिनं दुसरा दगड घेतला, पायाच्या अंगठ्यांनी धरला. मला काय ऐकायचं होतं, कोण जाणे. माफ केलं, असं काहीतरी असावं. मी तिच्यासाठी एक पाटी आणि पेन्सिल पिशवीत आणली होती, तीही काढता येईना.

"सरक," ती म्हणाली. "खपली उडती. डोळ्यात जाईल."

मी दोन पावलं मागे सरकले. तिनं हातोडी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली धरली.

"आनि थोडी."

मी आणखी सरकले. तिनं हातोडी मारली नाही. मी सरकत सरकत रस्त्यावर गेले, तेव्हा तिनं मारली.